खिडकीवाल्याची निवडणूक

माणसाला एखाद्या विषयाचं सर्टिफिकेट मिळालं की त्या विषयातलं सगळं जग बिघडलेलं आहे असं त्याला वाटू लागतं. मुंबईहून इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण घेऊन मी हिंगोलीला परत आलो तेव्हा माझंही तसंच झालं. गाडीतून उतरलो तेव्हा एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात नकाशे काढायची सागवानी टी-पट्टी. हमालानं पट्टीकडं बघून विचारलं, "शाळेत लागले का मास्तर?" मी त्याला आर्किटेक्ट म्हणजे कोण, हे फलाटापासून टांग्यापर्यंत समजावून सांगत गेलो. टांग्यापाशी वळकटी ठेवून तो म्हणाला, "बराबर. मंजे ड्रॉइंग मास्तर."

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. हिंगोली म्हणजे परभणी जिल्ह्यातला एक तालुका. कापूस, जिनिंगचे कारखाने, रुईच्या गाठी आणि फौज निघून गेलेली जुनी छावणी. मला जिनिंगच्या गोदामांचे नकाशे काढायचं काम मिळालं. गोदामाला चार भिंती आणि वर पत्रे. त्यात शिक्षण दाखवायला कुठं जागाच नव्हती. म्हणून मी येता-जाता लोकांच्या घरांकडं बघायचो आणि मनातल्या मनात ती पाडायचो.

खेड्यांतून सगळी धाब्याची घरं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून मातीचं माळवद, आणि उजेडाला म्हणून छताला एक भोक, त्याला आमच्याकडं सवणं म्हणतात. पावसाळ्यात त्या सवण्यावर फरशी ठेवायची, की माजघरात भरदुपारी दिवा. चूल आत, धूरही आत. पण हे जुनं दुखणं होतं. मला खरा राग यायचा तो नव्या पैशाच्या नव्या घरांचा. कापसात ज्यांचं बरं झालं होतं ते दर्शनी भिंतीला चुन्याचे खांब काढत, खांबांवर मोर, दाराच्या वर दोन सिंह. आत मात्र तोच अंधार. सिंह उजेडात आणि माणसं अंधारात, असं एक वाक्य मी तयार केलं होतं. ते मी इतक्यांदा ऐकवलं, की माझी बायको पुढं पुढं पहिला शब्द ऐकला की स्वयंपाकघरात निघून जायची.

आमच्या भागात गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, गवंडी, सुतार आणि नकाशे काढणारे आम्ही मोजके लोक, यांचं मिळून एक मंडळ होतं. चैत्रात एका जिनिंगच्या आवारात त्याची सभा भरायची. कुणी कुणाचं काम पळवलं, कुणी बांधकाम अर्धवट टाकलं, ही भांडणं आधी मिटायची. मग जेवण. आणि जेवण झाल्यावर सदर, म्हणजे अध्यक्ष निवडायचा. सदर कित्येक वर्षं एकच होते. म्हातारे मुसलमान गुत्तेदार, पांढरी शुभ्र दाढी, हातात कायम काळी छत्री. आवाज इतका मऊ, की त्यांनी कुणाला झापलं तरी त्याला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. त्यांच्याविरुद्ध कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. तसं राहता येतं, हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझ्या ध्यानात ते आलं एका व्यापाऱ्यामुळं. त्याला घर बांधायचं होतं. मी न मागता त्याला नकाशा काढून दिला. मधे चौक, चारी खोल्यांना दोन बाजूंनी हवा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. इतका सुंदर नकाशा मी पुन्हा काढला नाही. त्यानं तो उभा धरला, आडवा धरला, आणि विचारलं, "यात शेर कुठं हाय?"

"शेर?"

"दारावरचा. सदरसाहेबांनी दोन देतो म्हनून सांगितलंय. एकाचं तोंड बाजाराकडं, एकाचं वेशीकडं."

काम अर्थातच सदरसाहेबांना गेलं. मी घरी आलो तो वास्तुकलेची सुधारणा करायचा निश्चय करूनच. त्या निश्चयात वास्तुकलेचा भाग किती आणि त्या दोन सिंहांचा किती, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी चिडलो असतो.

बायकोला म्हणालो, "या साली मी उभा राहणार."

ती वाशीमकडची. तिथली बोली तिनं कधी सोडली नाही. तव्यावरची भाकर उलटत ती म्हणाली, "मंग आधी बसा. उभ्यानं जेवता काय?"

"मंडळाच्या निवडणुकीला उभा राहणार. सदर व्हायला."

"त्या छत्रीवाल्या बाबाच्या इरुद्ध? काहून? त्यानं काय केलं तुमचं?"

मी तिला मुंबईत शिकलेलं सगळं सांगितलं. उजेड, वारा, आरोग्य, इमारतीचा प्रामाणिकपणा. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सांगायला चांगलं हाय. पन आपल्या सैपाकघरात खिडकी कुठं हाय?"

प्रश्न रास्त होता. प्रचाराची सुरुवात घरापासून झाली पाहिजे, असं मी लगेच ठरवलं, जणू ते मलाच सुचलं होतं. गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराची रस्त्याकडची भिंत फोडून छानशी मोठी खिडकी बसवली. नमुन्याची खिडकी. मतदारांना आणून दाखवता येईल अशी.

प्रचाराला माझ्याबरोबर माझा एक वकील मित्र असायचा. त्याला मंडळात मत नव्हतं आणि इमारतींशी त्याचा संबंध भाड्याच्या घरापुरता होता. पण निवडणूक या गोष्टीचीच त्याला भारी आवड. राज्यात लोकांनी मत द्यायच्या जागाच कमी होत्या. जिथं हात वर करायला मिळेल तिथं हा हजर. तो उघड बोलत नसे, पण निजामाच्या राज्याबद्दल त्याची मतं काय होती हे त्याच्या खादीवरून कुणालाही कळायचं.

आम्ही आखाडा बाळापूरला बाजाराच्या दिवशी गेलो. माणसं भरपूर मिळतील हा माझा हिशेब बरोबर होता. ती माझ्यासाठी आलेली नाहीत, एवढंच मी विसरलो होतो. बैलाच्या बाजाराच्या कडेला गाडीवर उभा राहून मी हवा आणि उजेड यांवर बोलू लागलो. मधूनमधून शेजारच्या सौद्यातला आरडाओरडा माझ्या वाक्यात शिरायचा. बोलणं संपल्यावर एका सुतारानं हात वर केला.

"भिंतीला भोक पाडायचं, हे कळालं. मग चोर कुठून येईल?"

"चोर खिडकीतून कसा येईल? गज असतात ना."

"आमच्याकडं भिंत फोडून येते. तुमी तर त्याला अर्धी फोडूनच देऊन राहिले."

सगळे हसले. मीही हसलो, उमेदवाराला हसावं लागतं म्हणून. सेनगावला एका गवंड्यानं विचारलं, की खिडक्या पाडायला मंडळ कशाला पायजे, सब्बल, म्हणजे पहार, असली की झालं. तिथून परत येताना वकील म्हणाला, "तुझं म्हणणं लोकांना पटतंय. फक्त त्यांना ते अजून ठाऊक नाही."

तरी काही गवंड्यांनी नमुन्याची खिडकी बघायला यायचं कबूल केलं. ते आले त्या दिवशी मी इस्त्रीचा कोट घालून त्यांना रस्त्यानंच घेऊन गेलो. बाहेरून खिडकी दिसावी हा हेतू. कोपरा वळलो तर खिडकीच्या जागी सरकीचं पोतं. चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून असं घट्ट ताणलेलं, की त्यावर डफासारखी थाप मारता आली असती.

पाहुणे पोत्याकडं बघत उभे राहिले. एकानं अदबीनं विचारलं, "हे मुंबईचं काम म्हनायचं का?"

मी आत जाऊन बायकोला विचारलं, दबक्या आवाजात पण दात चावून, की हे काय केलंस.

तिनं आवाज दबका ठेवला नाही. "सारा रस्ता माझ्या तव्यात डोकावते. काल त्या कोपऱ्यावरच्या काकू बाहेरूनच म्हने, पोरी, पिठात मीठ जास्त झालं. मी खिडकीत बसून सैपाक करू का नाटक करू?"

हे सगळं पोत्यातून बाहेर स्पष्ट ऐकू गेलं. पोतं प्रकाश अडवत होतं, आवाज नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, खिडकीचा विषय काढला नाही, आणि जाताना एकजण मला हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. बाईमान्साच्या मनासारखं झालं की घर टिकतं."

मी हरणार हे तेव्हा दगडाला कळलं असतं. मला कळलं नाही, आणि तेवढ्यात वकिलानं मला वाचवलं, किंवा बुडवलं. तो म्हणाला, छापील पत्रक पाहिजे. मजकूर त्यानंच लिहिला. हिंगोलीत मराठी छापखान्याची पंचाईत, म्हणून पत्रकं वाशीमला छापायला दिली. वाशीम म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मधे कनेरगावचा नाका. तिथं इकडून तिकडं जाणाऱ्या मिठापासून मोटारीपर्यंत सगळ्याची तपासणी व्हायची, आणि त्या बाजूनं येणारा छापील कागद तर तिखटाच्या पुडीसारखा लांब धरून बघायचे. आमचा गठ्ठा नाक्यावर उघडला गेला. नाकेदारानं कुणाकडून तरी पत्रक वाचून घेतलं, आणि गठ्ठा जप्त झाला.

पत्रकात काय होतं? वर ठळक अक्षरांत: "जुन्या भिंती पाडा! हवा बदला! उजेड आत येऊ द्या!" आणि खाली माझं नाव.

मी वकिलाला म्हणालो, "अरे, यात खिडकी हा शब्दच नाही."

"अलंकारिक आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप तर नव्हताच, उलट कसलंसं समाधान होतं.

ठाण्यातून निरोप आला, की येत्या गुरुवारी अमीनसाहेबांपुढं हजर व्हा. अमीन म्हणजे आताचा फौजदार. निरोप आणि गुरुवार यांच्यामध्ये जे थोडे दिवस गेले, ते माझ्या सार्वजनिक आयुष्यातले सर्वांत वैभवाचे. पत्रक कुणी वाचलेलं नव्हतं, सगळी नाक्यावर अडकलेली. पण ते जप्त झालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो आपल्याला वाटेल ते त्यात लिहिलेलं आहे असं धरून चालला. बाजारातून जाताना दुकानदार उठून उभे राहू लागले. न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत. बाळापूरचा तो चोराबद्दल विचारणारा सुतार मुद्दाम हिंगोलीला आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "आमाला तवा कळलं न्हाई. तुमी भिंत भिंत म्हनत व्हते, आमी समजलो मातीची."

यावर मी काय म्हणायला हवं होतं? "अरे बाबा, मातीचीच." मी नुसता हसलो. गूढ हसण्याचा प्रयत्न केला. तो जमला असावा, कारण सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी बायको म्हणाली, "तुमी मागच्या दोन दिसांपासून येगळे चालून राहिले."

"कसा?"

"फोटो काढल्यासारखे."

वकिलानं बजावून सांगितलं होतं. ठाण्यात काही कबूल करू नकोस, काही नाकारू नकोस. शांत राहा. निवडणूक आपण जिंकलीच. बुधवारपर्यंत मला तसं शांत राहणं अगदी सोपं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी ठाण्याच्या पायऱ्या चढलो. बाहेर बरीच माणसं जमली होती, वकील हार घेऊन तयार होता. आत अमीनसाहेब मेजावर पत्रक पसरून बसले होते. मध्यम वयाचा, थकलेला माणूस. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ये हवा बदला, इसका मतलब क्या है? कौनसी हवा?"

शांत राहायचं होतं. मी बोलू लागलो. "स्वयंपाकघराची साहेब! धुराची हवा! भिंत म्हणजे भिंत, चुन्यामातीची. उजेड म्हणजे सूर्याचा, दुसरा कुठला नाही. हे बघा." आणि मी काखेतली गुंडाळी सोडली. होय, मी नकाशे बरोबर नेले होते. वीरासारखं गप्प बसायला निघालेला माणूस पुरावा सोबत घेऊन गेला होता. मेजावर पत्रक झाकलं जाईल असे नकाशे पसरले. खिडकीची उंची, वाऱ्याची दिशा, धूर वर का जातो, सगळं सांगितलं. घाबरलेला माणूस किती चांगलं शिकवतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाळापूरच्या बाजारात मी असं बोललो असतो तर बैलांनीसुद्धा मत दिलं असतं.

अमीनसाहेब आधी जांभई देत होते. मग पुढं वाकले. मग म्हणाले, "रुको. धुआँ बाहर जा सकता है?"

"जातो म्हणजे काय, जायलाच पाहिजे."

ते उठले आणि मला मागच्या बाजूला त्यांच्या राहत्या घरी घेऊन गेले. छावणीच्या काळचं कौलारू घर, त्याला मागून कुणीतरी जोडलेलं बंदिस्त स्वयंपाकघर. पडद्याआड त्यांची म्हातारी आई खोकत होती. खोकला असा, की प्रत्येक उबळीला अमीनसाहेबांचा चेहरा लहान होत होता. "अम्मा को तकलीफ है. हकीम बदले, दवा बदली," ते म्हणाले.

मी भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. चुलीच्या वर धुराडं कसं न्यायचं, कौलं कुठं उचलायची, समोरच्या भिंतीत खाली हवेला फट कुठं ठेवायची. त्या अर्ध्या दुपारी मी निवडणूक विसरलो. भीतीही विसरलो. म्हातारी पडद्यामागून विचारत होती, पाऊस आत येईल का, आणि मी उत्तर देत होतो, की त्यावर टोपी बसवू. एवढं मन लावून माझं कुणी तोवर ऐकलं नव्हतं.

बाहेर माणसं तशीच उभी होती. आत मला काय काय सोसावं लागतंय याच्या कथा तोवर बाजारापर्यंत गेल्या होत्या. मी दारात आलो तर माझ्या हातांना आणि कपाळाला कोळसा लागलेला. गर्दीतून एक हुंकार उठला. वकिलानं हार उंच धरला. आणि माझ्यामागून बाहेर आलेले अमीनसाहेब मोकळं हसून साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे भाई, कुछ नहीं! ये तो खिडकीवाले निकले! सभा-जलसे की इजाजत है. खिडकी पर जितना बोलना है बोलो."

वकिलाचा हात हारासकट हळूहळू खाली आला. बाळापूरचा सुतार माझ्याकडं असा बघत होता, जसं त्याच्या हातचं दार चौकटीत बसलंच नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "मंजे खरंच मातीची व्हय?" आणि माणसं पांगली. न्हाव्यानं पुढच्या खेपेला पैसे घेतले, मागच्यासकट.

'खिडकीवाले' हे नाव मात्र मला त्या दिवसापासून चिकटलं ते चिकटलंच. पुढं मला माझ्या खऱ्या नावानं पत्र आलं की टपालवाला ते शेजारी देऊन यायचा.

माघार घ्यावी असं वाटत होतं. बायको म्हणाली, "आता काहून बसता? उभे राहिले तर राहा." म्हणून सभेला गेलो.

जिनिंगच्या आवारात एक मोठा लिंब होता. भांडणं मिटली, जेवण झालं. माझं भाषण झालं, खिडकीवर जितकं बोलायचं तितकं. चैत्राचं ऊन आग ओकत होतं. मग मत मोजायचं कसं, असा प्रश्न निघाला, कारण आजवर कधी मोजावं लागलं नव्हतं. कुणीतरी तोड काढली: सदरसाहेबांच्या बाजूचे जिथं आहेत तिथंच राहतील, दुसऱ्या बाजूच्यांनी तिकडं जाऊन उभं राहायचं. सदरसाहेब लिंबाखाली बसले होते. 'तिकडं' म्हणजे कापूस वाळवायच्या उघड्या फरशीवर.

मी जाऊन उभा राहिलो. फरशी वहाणेतून भाजत होती. माझ्यामागून काही लोक आले, हे मला सांगितलंच पाहिजे. ज्यांना सदरसाहेबांनी कधीतरी काम नाकारलं होतं असे एक-दोन गुत्तेदार, काही तरुण गवंडी, आणि, मला अजून उमगलेलं नाही का, तो बाळापूरचा सुतार. सुधारणेवर त्यांचा विश्वास होता, पण मोजणारा म्हातारा होता आणि सारखा चुकत होता. तो पहिल्यापासून मोजायला लागला की आमच्यातला एखादा घाम पुसत सावलीकडं जायचा. तत्त्वाला ऊन सोसत नाही. शेवटी मोजणी पुरी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःच भाजणारे पाय बदलत बदलत लिंबाच्या सावलीच्या कडेपर्यंत सरकलो होतो. मोजणाऱ्यानं मला विचारलं, "तुमी कुनीकडं धरायचे?"

सगळं आवार हसलं. सदरसाहेब मात्र हसले नाहीत. ते उठले, छत्री उघडली, आणि भर उन्हात माझ्यापर्यंत चालत येऊन ती माझ्या डोक्यावर धरली. "मियाँ," ते त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "शेर मला भी पसंद नहीं. पन लोक मागतात. तुमी असं करा, मंडळाचे चिटणीस व्हा. मी लोकांना शेर देतो, तुमी त्यांना समजवा. बगू कोन थकतं पहिलं."

मला राग यायला हवा होता. पण डोक्यावर सावली आली होती आणि पाय भाजत होते. मी हो म्हणालो.

पुढची कित्येक वर्षं मी चिटणीस होतो, आणि समजावून समजावून थकलो मीच. सिंह वाढत गेले. सेनगावकडं एकानं तर चार बसवले. मंडळाच्या प्रत्येक सभेत मी हवा आणि उजेड यावर ठराव मांडायचो, तो एकमतानं मंजूर व्हायचा, आणि मग सगळे जेवायला उठायचे.

सुधारणा झाली ती दुसऱ्याच वाटेनं. अमीनसाहेबांच्या आईच्या स्वयंपाकघरात धुराडं बसलं, खोकला पुरता गेला नाही पण रात्रीची झोप लागू लागली. म्हातारी लग्नाकार्यात जिथं जाईल तिथं ते सांगायची. आधी पोलीस लाइनीतल्या बायकांनी नवऱ्यांचं डोकं खाल्लं, मग मोहल्ल्यातल्या, मग पेठेतल्या. एकदा एक अनोळखी बाई दोन पोरांना घेऊन आमच्या दारात आली आणि बायकोला म्हणाली, "त्या धुराड्याच्या म्हातारीनं पाठवलंय. हितं कोनी मिस्त्री राहते काय?" बायकोनं मला हाक मारली, "मिस्त्री, या." मी गेलो. आमच्या स्वयंपाकघरातली खिडकीही मी तोवर छताजवळ वर नेली होती, काकूंच्या नजरेच्या पल्याड. पोतं निघालं.

मग सत्तेचाळीस उजाडलं. तिकडं नाक्यापलीकडं स्वातंत्र्य आलं आणि अलीकडं भीती. गावं रिकामी होऊ लागली. वकील तुरुंगात होता. यावेळी जप्त झालेल्या पत्रकात काहीही अलंकारिक नव्हतं. मी बायकोला आणि लेकरांना घेऊन कनेरगावच्या नाक्यावरून वाशीमला सासरी गेलो. गाडीत टी-पट्टी घेतली होती. सासऱ्यांनी तिचा उपयोग मांजर हाकलायला केला. पुढं अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदी फौजा आल्या, राज्य गेलं, आम्ही परत आलो. वाटेत जळालेली घरं दिसत होती. आधी एकांची जळाली होती, मग दुसऱ्यांची. जळालेल्या भिंतीवरून कुणाचं घर ते ओळखू येत नव्हतं.

त्यानंतर मंडळाची सभा भरली तेव्हा निम्मी माणसं नव्हती. सदरसाहेब आले होते, त्यांचा एक मुलगा हैदराबादेकडं निघून गेला होता आणि त्याची खबर नव्हती. ते फार वाकले होते. त्यांनी भांडणं मिटवायला सांगितली, तर कुणाकडंच भांडण नव्हतं. मग ते म्हणाले, "मी आता थकलो. खिडकीवाल्यांना सदर करा."

कुणी विरोधात उभं राहिलं नाही. कुणी मोजलंही नाही. मी सदर झालो. आयुष्यात एकदाच करायला मिळेल असं भाषण मी वाशीमला असताना मनात पुष्कळ घोळवलं होतं, त्यात वास्तुकलेच्या भवितव्यावर बराच मजकूर होता. उठलो आणि समोरची माणसं बघितली. म्हणालो, "लाकूड कुणाकडं आहे?"

तासभर फक्त लाकडावर बोलणं झालं. जिनिंगच्या मालकानं जुन्या गोदामाच्या तुळया द्यायचं कबूल केलं, माझ्याच पहिल्या नकाशाचं गोदाम ते. पत्रे कुणाकडं मिळतील, गवंडी कुठं कमी पडतील, कुठल्या गावाला आधी जायचं, हे ठरलं. खिडकीचा ठराव मांडायचं राहून गेलं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. सदरसाहेब मागच्या गाडीत, गवंड्यांबरोबर. मी पुढच्या गाडीत तुळयांवर बसलो होतो. रस्ता खराब होता, तुळई टोचत होती. एका गावच्या वेशीपाशी एक बाई राख झालेल्या घरासमोर उभी होती. तिनं गाड्या बघितल्या आणि विचारलं, "कोन तुमी?"

गाडीवान म्हणाला, "हे सदर हायेत. घरं बांधतेत."

ती म्हणाली, "मंग उतरा खाली."

मी उतरलो.